कूलर लागला की वाय-फाय कुठं जातं?

प्रश्न : आमचं घर भिवापूरला आहे. समोर बैठक, मागे अंगण आणि अंगणाच्या पलीकडे मुलीच्या अभ्यासाची खोली. फायबरचं कनेक्शन दिवाळीत घेतलं, राउटर बैठकीत दाराजवळ लावला आहे. थंडीत मुलीच्या खोलीत क्लासचे व्हिडिओ बिनतक्रार चालायचे. एप्रिलमध्ये बैठकीच्या अंगणाकडच्या खिडकीत कूलर बसवला आणि तेव्हापासून पलीकडे नुसतं चाक फिरत राहतं. नेटवाला मुलगा येऊन तपासून गेला, ‘काका, स्पीड बरोबर आहे’ म्हणाला. शेजारी म्हणतात, कूलरची मोटर नेट खाते. हे खरं आहे का? दुसरा राउटर घ्यावा का, आणि घेतलाच तर घरच्या घरी जोडता येतो का?
– एक वाचक, भिवापूर (जि. नागपूर)

उत्तर : शेजाऱ्यांनी आरोपी बरोबर धरला आहे, कलम मात्र चुकीचं लावलं आहे. दोष कूलरचाच, पण मोटरचा नव्हे. दोष आहे त्याच्या पत्र्याचा आणि पोटातल्या पाण्याचा.

हे माझ्या सांगण्यावरून मानायची गरज नाही. कूलर जागेवरच राहू द्या, फक्त बटण बंद करा आणि मुलीच्या खोलीत जाऊन नेट बघा. मोटर नेट खात असेल तर ती थांबताच नेट सुटायला हवं. ते सुटलं नाही, तर कूलर चालू करून स्टँडसकट खिडकीसमोरून बाजूला सरकवा आणि पुन्हा बघा. आता फरक पडला तर मोटर निर्दोष सुटली. प्रयोग संध्याकाळी करा. मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद केलात तर घरचेच तुम्हाला अंगणात काढतील.

फरक मोजायला मोबाइलवरच्या कांड्यांवर भरवसा ठेवू नका. किती ताकदीला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. अँड्रॉइडवर वाय-फायची ताकद आकड्यात दाखवणारी फुकट अॅप मिळतात, त्यातला ‘डीबीएम’चा आकडा वाचा. तो उणे असतो. राउटरच्या शेजारी उणे ३० ते ४०, उणे ६५ च्या आसपास असेपर्यंत व्हिडिओ नीट चालतो आणि उणे ८० ला चाक फिरू लागतं. या मोजणीत १० चा फरक म्हणजे ताकद दहापट कमी. म्हणजे उणे ३० आणि उणे ८० यांत एक लाख पटींचं अंतर आहे. खिडकीतल्या एका पेटीनं आकडा पंधरा-वीसनं घसरला, तर तो घसरा किरकोळ नाही.

मोटरवर संशय का येतो तेही समजण्यासारखं आहे. जुन्या मिक्सरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते ठिणग्या पाडतात, पूर्वी त्यानं रेडिओ खरखरायचा. कूलरच्या पंख्याची मोटर साधारणपणे बिनब्रशाची असते. ठिणगी पडलीच तरी तिचा गोंगाट बहुतेक खालच्या लहरींवर असतो, वाय-फायच्या पट्ट्यापर्यंत फारसा चढत नाही. राहिला व्होल्टेजचा प्रश्न. राउटरच्या अॅडॉप्टरवर बारीक अक्षरात ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं, ते भिंग घेऊन वाचा. उन्हाळ्यात गावात व्होल्टेज १७० वर आलं तरी त्याला घाम फुटत नाही. मात्र कूलर आणि राउटर एकाच सैल एक्स्टेन्शन बोर्डावर असतील, तर कूलर सुरू होताना वीज क्षणभर लुकलुकते आणि राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. पण तेव्हा नेट एक-दोन मिनिटं पूर्ण जातं. तुमची तक्रार नेट जाण्याची नाही, रांगण्याची आहे.

आता पत्रा आणि पाणी. वाय-फाय ही रेडिओ लहर आहे आणि बहुतेक घरांतले राउटर ती दोन पट्ट्यांवर सोडतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. विटेच्या भिंतीतून ती थोडी कमी होऊन पार होते, लोखंडी सळ्यांच्या स्लॅबमधून आणखी कमी होऊन, आणि दीड-दोन फुटांच्या जुन्या मातीच्या भिंतीत तर बरीचशी जिरते. म्हणून जाड भिंतींच्या घरात लहर एका खोलीतून दुसरीकडे जाते ती मुख्यतः दारं-खिडक्यांतून. लाकूड, काच, पडदा यांचं तिला वावडं नाही. धातूचं आहे. अर्ध्या मिलिमीटरचा पत्राही तिला पूर्ण परतवून लावतो.

तुमच्या बैठकीतून अंगण ओलांडून मुलीच्या खोलीपर्यंत जाणारी लहर इतके दिवस त्या खिडकीतून जात होती. एप्रिलमध्ये तुम्ही नेमक्या त्याच वाटेवर पत्र्याची पेटी बसवली, तिच्या तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या लावल्या आणि खाली टाकी भरून पाणी ठेवलं. कूलर लोखंडी नसून फायबरच्या बॉडीचा असेल तर थोडं बरं, पण भिजलेल्या ताट्या आणि पाणी तिथंही आहेच. २.४ ची लहर पाण्यात दोनेक सेंटिमीटर शिरेपर्यंत तिची निम्म्याहून अधिक ताकद संपते. ५ च्या लहरीला अर्धा सेंटिमीटर पुरतो.

इथं एक समज दुरुस्त करायला हवा, कारण तो शाळेतल्या विज्ञानाच्या तासालाही सांगितला जातो. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि वाय-फाय एकाच पट्ट्यात चालतात हे खरं. पण ‘२.४ ही पाण्याची खास लहर आहे, पाण्याचा रेणू त्याच तालावर नाचतो’ हे खरं नाही. साध्या पाण्याचं शोषण २० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असतं. ओव्हननं २.४ घेतलं ते वेगळ्या कारणानं. १९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली आणि हा पट्टा दळणवळण सोडून उद्योग, विज्ञान, वैद्यक यांच्या यंत्रांसाठी राखला गेला. १९८५ मध्ये अमेरिकेनं या ‘कचरा’ पट्ट्यात परवान्याशिवाय दळणवळणही करू दिलं, १९९७ मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं, त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. भारतात २.४ चा पट्टा परवानामुक्त झाला २००५ मध्ये, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग घराबाहेरही मोकळा झाला तो २०१८ मध्ये. आज तुमच्या बैठकीत परवाना न काढता रेडिओ प्रक्षेपण चालू आहे ते या निर्णयांमुळे.

जाता जाता, खिडकीला डासांची जाळी आहे का ते बघा. नायलॉनची असेल तर हरकत नाही. स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची असेल तर तिची छिद्रं लहरीच्या लांबीपुढे इतकी बारीक आहेत की लहरीला ती सलग पत्र्यासारखीच वाटते. ओव्हनच्या दाराला आतून जाळी असते ती याच कामासाठी.

उन्हाळ्यातला दुसरा साथीदार म्हणजे ऊन. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ‘शून्य ते ४० अंश’ अशी चालण्याची मर्यादा दिलेली असते. नागपूरकडे मे महिन्यात पारा सहज ४५ ओलांडतो, टिनाच्या छताखाली किंवा फ्रिजवर ठेवलेल्या डबीच्या आत किती होत असेल ते तुम्हीच समजा. तापलेली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, कधी बंद पडून पुन्हा सुरू होते. म्हणून शोकेसच्या काचेमागे, टीव्हीच्या पाठीशी, कपाटावर कपड्यांच्या गठ्ठ्यात राउटर ठेवू नका. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालायची पद्धत अनेक घरांत आहे, ती फोनच्या डबड्याच्या जमान्यात ठीक होती. कूलरचा झोत सरळ अंगावर येईल अशीही जागा नको, त्या हवेतली ओल कालांतरानं आतल्या सोल्डरला खाते. भिंतीवर, छातीच्या उंचीच्या वर, चारी बाजूंनी हवा मिळेल अशा ठिकाणी तो लावा.

नेटवाल्या मुलाचं काय चुकलं? तसं काहीच नाही. त्यानं राउटरच्या शेजारी उभं राहून वेग मोजला आणि तिथं तो बरोबर होता. ‘राउटर कुठं हवाय’ हे मात्र त्यानं बसवताना विचारलं नसणार. खांबावरून तार आली, चौकटीतून आत शिरली, दाराजवळ प्लग दिसला, तिथं डबी ठोकली. आपल्याकडे निम्म्याहून अधिक राउटर याच न्यायानं जागा पटकावून बसलेले दिसतात. गावापर्यंत नेट आणायला काय खटाटोप झाला ते आठवा. २०११ मध्ये केंद्र सरकारनं ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला मंजुरी दिली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, २०१६ च्या अखेरीस नागपूर जिल्हा ‘डिजिटल जिल्हा’ म्हणून जाहीर झाला. खासगी कंपन्यांच्या तारा खांबाखांबांवरून तुमच्या दारापर्यंत आल्या. एवढे मैल पार करून आलेलं नेट घरातल्या शेवटच्या वीस फुटांत अडतं, आणि ती वीस फुटं ना सरकारच्या हिशेबात असतात, ना कंपनीच्या.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे डबी हलवणं. तुमच्या घरात ती बैठकीच्या दाराजवळ नको, अंगणाकडच्या भिंतीवर हवी, आणि तिथून मुलीच्या खोलीचं दार किंवा खिडकी मधे कूलर न येता डोळ्यांना दिसायला हवी. साधारण, जिथून नजर जाते तिथून लहर जाते. अंगणाकडे दुसरी खिडकी किंवा झरोका असेल तर त्याच्याजवळ. फायबरची तार स्वतः ओढू नका. ती काचेची आहे, काटकोनात मोडली की आतला प्रकाश वळणावरच गळतो. कंपनीला सांगून दहा-पंधरा फूट तार वाढवून घ्या, त्यातल्या जोडाला यंत्र लागतं. कूलरची खिडकी बदलता आली तर तेही चालेल, पण ते घरातल्या बायामाणसांना विचारून ठरवा. दुपारी कूलरसमोर कोण झोपतं हा प्रश्न नेटपेक्षा जुना आहे.

डबी हलवली की एकदा तिच्या सेटिंगमध्ये जाऊन या. बहुतेक घरांत ते पान बसवणाऱ्या मुलानं एकदा उघडलं, त्यानंतर कुणीच नाही. राउटर पालथा करा, स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो इंग्रजी आकड्यांत मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका. फोन घरच्या वाय-फायवर हवा आणि मोबाइल डेटा बंद, नाहीतर फोन तो पत्ता बाहेर शोधत बसतो आणि पान उघडत नाही. तुमच्याकडे आणि शेजाऱ्यांकडे एकच पत्ता कसा, असं वाटेल. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी, ते जगाला पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं. म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी बाजूला काढले, १९९६ पासूनच्या नियमात १९२.१६८ ने सुरू होणारे त्यांतलेच. घराबाहेर त्यांना अर्थ नाही, त्यामुळे घरोघरी तेच चालतात.

पान उघडल्यावर काही बदलण्याआधी प्रत्येक पडद्याचा फोटो काढा. ‘वॅन’ नावाच्या भागाला हात लावू नका, तिथं कंपनीनं दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड असतात. डबीच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून रीसेट करण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, त्यानं तेही पुसलं जाऊ शकतं आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर अंधारात.

बदलायचं ते असं. या पानाचा स्वतःचा पासवर्ड बहुधा ‘अॅडमिन’ किंवा स्टिकरवरचाच असतो, तो आधी बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा. तिथं मोबाइल नंबर ठेवण्याची फार वाईट सवय आहे. तो नंबर अर्ध्या गावाकडे असतो, आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलेला असेल तर उरलेल्या अर्ध्याकडेही. तीन-चार असंबद्ध शब्दांची ओळ ठेवा, ६३ अक्षरांपर्यंत चालते. सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए२’ एईएससह, किंवा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा जोड पर्याय निवडा. जुनी ‘वेप’ पद्धत २००१ मध्येच फोडली गेली, ती कुठे दिसली तर लगेच काढा. बटण दाबून जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद करा. बाहेरून राउटर चालवण्याची, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय चालू असेल तर तीही बंद करा.

२.४ आणि ५ ही दोन नेटवर्कं वेगळ्या नावांनी ठेवायची की एकाच? तुमच्या घरापुरतं मी वेगळी ठेवायला सांगेन. ५ जास्त वेगवान, पण भिंतीला आणि पाण्याला लवकर हार खाणारं, ते बैठकीतल्या टीव्हीसाठी. अंगणापलीकडे २.४. नाव एकच असेल तर फोन बैठकीत ५ ला चिकटतो आणि अंगण ओलांडलं तरी सोडत नाही, मग नेट असूनही मुलगी चाक बघत बसते. २.४ च्या पट्ट्यात चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. पूर्ण पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा, चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाला लागतात सुमारे २०, त्यामुळे एकमेकांच्या पायात न येणारे तीनच बसतात. शेजाऱ्याकडे ६ असेल तर तुम्ही १ किंवा ११ घ्या. ‘मधलं घेऊ’ म्हणून ३ किंवा ८ घेतलं तर दोघांचंही बिघडतं.

नेटवर्कचं नाव देवनागरीत ठेवता येतं, पण नावाला जागा ३२ बाइटांची आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, उकार तीन बाइट घेतात. तुमच्या गावच्या मानांकित पिकावरून ‘भिवापुरी मिरची’ ठेवायला जाल तर ४० बाइट होतात, राउटर नाकारेल. नुसतं ‘भिवापुरी’ २४ मध्ये बसतं. काही जुने फोन आणि टीव्ही देवनागरीऐवजी चौकोन दाखवतात, तेवढं सोसावं लागेल.

आता दुसरा राउटर. डबी हलवून आकडा उणे ६५ च्या आसपास आला तर तो घेऊच नका. नाहीच आला तर भिंतीत खुपसायचा ‘एक्स्टेंडर’ घेण्याचा मोह टाळा. स्वस्तातला एक्स्टेंडर त्याच लहरीवर घेतो आणि त्याच लहरीवर देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय तो मुलीच्या खोलीत लावला तर त्यालाच तिथं नेट नीट मिळत नसतं. तार टाका. कॅट-६ ची लॅन तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते, तुमचं अंगण तिला काहीच नाही. उन्हापावसात टिकणारी बाहेरची तार घ्या, पीव्हीसी पाइपातून न्या. मृगाच्या आधी विजा कडकडायला लागल्या की दोन्ही टोकांचे प्लग काढून ठेवा, तांब्याची तार विजेचा झटका एका खोलीतून दुसरीत नेऊ शकते.

मुलीच्या खोलीतला राउटर माळ्यावर पडलेला जुनाही चालेल, पण त्याला फक्त वाय-फाय देण्याच्या कामाला लावायचं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर तो निवडा आणि तार तो सांगेल त्या भोकात लावा. नसेल तर तीन गोष्टी हातानं करा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मोठ्या राउटरशी टक्कर होणार नाही. ‘डीएचसीपी’ बंद करा. घरात येणाऱ्या प्रत्येक फोनला नंबर वाटण्याचं काम ती करते, आणि घरात नंबर वाटणारे दोन झाले की दोन फोनांना एकच नंबर मिळून सगळं ठप्प होतं. आणि तार ‘वॅन’ लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात न घालता ‘लॅन’च्या कुठल्याही भोकात घाला. या जोडणीत सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. चॅनल मोठ्या राउटरपेक्षा वेगळा ठेवा, तिकडे १ तर इकडे ११. २.४ चं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवले तर फोन अंगण ओलांडताना आपोआप बदलतो, निदान बदलायला हवा. काही फोन हट्टी असतात, त्यांचं वाय-फाय एकदा बंद-चालू करावं लागतं.

लोडशेडिंगसाठी बाजारात राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना अॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्या, ९ व्होल्टची डबी १२ वर जळते.

आणि राउटरवर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागलेला असेल तर यातलं काहीच करत बसू नका. तो दिवा बाहेरून येणारा प्रकाश तुटल्याचा आहे. खांबावर तार तुटली असेल किंवा वानरांनी झोके घेऊन ओढली असेल, त्याला सेटिंग नाही. सरळ कंपनीला फोन लावा.